रूपरावजीचा बचनाग

खैरगावात रूपराव वैरागडे नावाचा एक माणूस राहतो, ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या दसऱ्यापर्यंत खैरगावाच्या नीटशी ध्यानात आली नव्हती.

तसा तो जन्मापासून तिथलाच. गावात घर, गिरडच्या डोंगराकडं वावर, बैलजोडी बरी. पण काही माणसांचं नशीबच असं, की पंगतीत वाढणारा नेमका त्यांच्या अलीकडच्या पत्रावळीवरून मागं फिरतो. रूपराव सभेत बोलायला उठला की लोकांना तंबाखूची आठवण व्हायची. एकदा केळझरहून त्याचा मावसभाऊ आला आणि पारावर विचारू लागला, "रूपराव वैरागडे कोठी राह्यते?" पारावरच्या मंडळींनी प्रामाणिकपणे विचार केला, असा माणूस आपल्या गावात नाही असं ठरवलं आणि त्या बिचाऱ्याला परतीच्या मोटारीत बसवून दिलं. मोटार निघून गेल्यावर कोणाला तरी सुचलं, "अबे, तो आनंदाबाईचा बुवा तं नसल?"

बुवा म्हणजे नवरा. रूपरावची गावात एवढीच ओळख. आनंदाबाईचा आवाज असा, की तिनं अंगणात कोंबडी हाकलली तर नाल्यापलीकडची कोंबडी पळायची. तिला सगळे ओळखत होते, आणि तिच्यामागं बैलाचं दावं धरून चालणारं जे कोणी दिसे, तो तिचा बुवा.

रूपरावला हे फार लागायचं. तो बोलून दाखवत नसे, कारण दाखवलं तरी ऐकणार कोण. पण रात्री बाजेवर पडल्यावर त्याला वाटायचं, एकदा तरी चार लोकांनी आपल्याला नावानं हाक मारावी, आणि मागं 'जी' लावावा. मंत्रिपद त्यानं मागितलं नव्हतं. एवढंच मागितलं होतं.

गावाच्या शेवटी नाल्याच्या काठी जयवंता राहायची. कैकाड्याची विधवा बाई, शिंदीच्या टोपल्या विणायची आणि डुकरं पाळायची. डुकरं दिवसभर गावात मोकाट हिंडत, आणि कधी कोणाच्या वावरात शिरत. एका सकाळी तिची कारी नावाची डुकरीण रूपरावच्या भुईमुगात सापडली. रूपराव तणतणत विहिरीवर गेला. तिथं साऱ्या बाया पाणी भरत होत्या. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. जयवंतानं घागर खाली ठेवली, डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही कोण हो?" मग तिचं तिलाच आठवलं. "हं. आनंदाबाईचे बुवा व्हय."

बाया हसल्या. जयवंतानं काही मुद्दाम केलं नव्हतं, बाईला दूरचं कमी दिसत होतं. पण रूपरावच्या डोक्यात ते हसू खिळ्यासारखं बसलं. मेलो तरी या बाईच्या दारात पाय ठेवणार नाही, असं त्यानं मनात पक्कं केलं. संध्याकाळी पारावर जाऊन तो म्हणाला, "बचनाग आणतो. कणकेच्या गोळ्यात भरतो. एक बी डुक्कर दिवाळी पाह्यत नाई."

बंडूजीनं त्याच्याकडं काडेपेटी मागितली. बंडूजी म्हणजे पाराचा कायमचा रहिवासी. गावातली प्रत्येक गोष्ट त्याच्या तोंडून गेल्याशिवाय खरी होत नसे. त्यानं विडी पेटवली आणि विषय बैलाच्या खुरावर गेला. बचनाग हवेत विरला. रूपरावनं तो आणलाही नाही. सुपारीसुद्धा बायकोला विचारून आणणारा माणूस तो, बचनाग कुठून आणणार?

खरा त्रास गावडुकरांचा नव्हताच, रानडुकरांचा होता. डोंगरातून कळप उतरायचा आणि एका रात्रीत वावर नांगरून जायचा. त्याच्यावर आपल्याकडं एक जुना उपाय आहे. गावडुकरांची घाण आणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पसरायची. रानडुकराला तो वास आला की त्याला वाटतं इथं दुसऱ्याचं राज्य आहे, आणि ते मागं फिरतं. गाईचं असतं ते शेण. डुकराचं जे असतं त्यालाही नाव आहे, पण ते इथं लिहिता येत नाही, म्हणून घाण म्हणू. ही घाण सारं गाव जयवंताच्या दारातून न्यायचं. ती फुकट द्यायची, वर टोपली लावायला मदत करायची, कारण तिचं अंगण साफ व्हायचं.

सारं गाव न्यायचं. रूपराव कसा नेणार? दारात पाय ठेवणार नाही म्हणाला होता ना.

मग या गृहस्थानं काय केलं? पोळा झाल्यावर बैलांसाठी सरकीची ढेप आणायच्या निमित्तानं बंडी जुंपली आणि डुकराच्या घाणीसाठी थेट हिंगणघाट गाठलं. शहराच्या मागल्या वस्तीत डुकरांचे वाडे होते. तिथल्या माणसानं आनंदानं पोती भरून दिली. भिंतीच्या सावलीत चार-पाच डुकरं एकावर एक पडून कुडकुडत होती, डोळ्यांना चिपडं आलेली. रूपरावला वाटलं, शहरातली डुकरंसुद्धा आळशीच. वर ढेप, खाली पोती, असं करून तो परत आला, आणि उजाडायच्या आत त्यानं सारा धुरा स्वतःच्या हातानं सारवून काढला. कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं, ब्लॉकाच्या कचेरीतून आलेलं नवं खत आहे. कोणी विचारलं नाही. फक्त आनंदाबाई त्याचं धोतर काठीनं उचलून म्हणाली, "ब्लॉकातलं खत असं वासत नाई."

उपाय मात्र लागू पडला. रानडुकरं फिरकली नाहीत. उलट गावडुकरं यायला लागली. त्यांना त्या वासात नात्यातलं कोणी आल्यासारखं वाटलं असेल. जयवंताचा सगळा कळप रोज सकाळी रूपरावच्या धुऱ्यावर हजर, नाकं खुपसून हिंगणघाटची खबरबात घेत बसायचा. भुईमुगात शिरत नव्हता, म्हणून रूपरावनंही काही म्हटलं नाही.

दसऱ्याच्या आधी डुकरं मरायला लागली.

आधी खाणं सोडायची. मग मागचे पाय लटपटायचे, दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालायची. कानावर, पोटावर लालनिळे चट्टे उठायचे. कोणी आठवड्यात मरे, कोणी त्याहून लवकर. असलं काही गावानं आधी पाहिलेलं नव्हतं. जयवंतानं हळद लावली, मरीआईला नवस केला, धूर दिला. रोज सकाळी एखादं डुक्कर नाल्यात ओढून टाकताना ती दिसायची, आणि रडताना ऐकू यायची. टोपल्यांवर तिला मीठमिरची सुटे, पोट डुकरांवर चाले. ती मेली म्हणजे काय झालं, हे सगळ्यांना कळत होतं. आणि तरी, खोटं कशाला बोला, ज्यांची वावरं होती त्यांना मनातून बरंच वाटत होतं.

अशा वेळी पारावर बंडूजीला आठवण झाली. विडी तोंडातून काढून तो म्हणाला, "रूपराव बोलला व्हता. बचनाग."

मग सगळ्यांनाच आठवलं. ज्यांनी त्या संध्याकाळी पाठ फिरवली होती त्यांनाही शब्द न् शब्द आठवला. कोणाला कणकेचा गोळा आठवला, कोणाला रूपरावचे लाल डोळे आठवले. तेवढ्यात रूपराव बैल घेऊन समोरून चालला होता. बंडूजी उठला, हो, उठला, आणि म्हणाला, "बसा, रूपरावजी."

आता खरा प्रश्न हा की त्यानं तिथं काय म्हणायचं होतं. 'मी नाही केलं' हे तीन शब्द बोलायला वेळ लागत नाही. पण चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो 'जी' कानात पडलेला, पारावर जागा केलेली, कोणीतरी सुपारी पुढं केलेली. रूपराव बसला. सुपारी तोंडात टाकली आणि गालातल्या गालात हसला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त हसला. ते हसूच पुढं त्याला भोवलं.

ते पंधरा-वीस दिवस रूपरावचे. न्हावी घरी येऊन दाढी करून जाऊ लागला. देवळात आरतीचं ताट आधी त्याच्या हातात. लग्न जमवायचं, बैल घ्यायचा, 'रूपरावजीले विचारा'. विहिरीवर आनंदाबाईला कोणीतरी 'रूपरावजीची बाई' म्हटलं, आणि ती घागर न भरताच घरी आली. "तुमी खरंच घातला का जी बचनाग?" तिनं विचारलं. रूपराव मिशीला पीळ देत राहिला. ती बराच वेळ त्याच्याकडं पाहत होती. "नाई घातला," ती स्वतःशीच म्हणाली, "तुमची नाई व्हत हिंमत." घरचं माणूस कधी कौतुक करत नाही, असं रूपरावला वाटलं.

आणि मग जयवंता चौकीवर गेली.

जमादार सायकलीवर आला, मारुतीच्या देवळापुढं बसला आणि त्यानं साक्षी घ्यायला सुरुवात केली. अशा वेळी गाव मुकं होतं, हा सगळीकडचा रिवाज. इथं मात्र साक्ष द्यायला रांग लागली. "रूपरावजीनं घातला, जमादारसाहेब. दुसऱ्या कोणाची छाती आहे?" बंडूजीनं तर बचनाग कसा उगाळला, कोणत्या दगडावर, हेसुद्धा सांगितलं. आपण एका माणसाला तुरुंगात पाठवतोय हे कोणाच्या मनातही नव्हतं. ते बापडे त्याचा सत्कार करत होते. रूपराव खांबाला टेकून ऐकत होता, आणि प्रत्येक साक्षीबरोबर त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं.

"म्या नाई घातला," तो शेवटी म्हणाला.

सगळे कौतुकानं हसले. पाहा, केवढा माणूस, पण गर्व नाही.

जमादार शहाणा होता. तो म्हणाला, "भाऊ, जनावराले जहर देणं गुन्हा आहे, कैद होते. हिंगणघाटच्या ढोराच्या डॉक्टरनं लिहून देलं की ही बिमारी आहे, तं तू सुटला. जहर निघालं तं पुढच्या बाजाराच्या दिवशी बेड्या घेऊन येतो. अन् सडलेलं नेऊ नको, त्यातून काई समजत नाई. ताजं पाह्यजे."

नाल्यातलं सगळं सडलं होतं. गावात आजारी असं एकच जनावर उरलं होतं, जयवंताची कारी. म्हणजे ज्या दारात मेलो तरी जाणार नाही म्हटलं, तिथं तुरुंग टाळायला जावं लागलं.

जयवंता झोपडीपुढं कारीच्या अंगावर ओलं पोतं टाकत होती. आत टोपल्याखाली कारीची पिल्लं चिरकत होती. ती अजून धड होती, आणि जयवंतानं ती कोंडून ठेवली होती, कारण बाहेर बचनाग आहे असं तिला वाटत होतं. रूपरावनं खाली मान घालून आपलं काम सांगितलं.

"म्हणजे आता हे बी पाह्यजे तुमाले," ती म्हणाली.

"बिमारी आहे, जयवंता. डॉक्टर सांगन."

"तुमी सांगता तं बिमारी. गाव सांगते तं बचनाग." तिनं पदरानं डोळे पुसले. "चाला. मी बी येईन. डॉक्टरच्या तोंडून आयकू द्या मले. जहर निघालं तं मी तुमाले सोडत नाई, रूपरावजी."

याही वेळी 'जी' होता. रूपरावला तो कसा लागला ते त्याचं त्याला माहीत.

बंडीत मधे तणसावर कारी, एका बाजूला जयवंता, पुढं रूपराव. पारावरून जाताना लोकांनी हात जोडले. "आता हिंगणघाटची डुकरं बी संपवते हा माणूस," बंडूजी म्हणाला. वाटेत ऊन चढलं. कारीचा श्वास भात्यासारखा चालला होता. ती मेली तर दुपारपर्यंत फुगणार, आणि डॉक्टर हात लावणार नाही, ही एकच भीती रूपरावला. त्यानं आपला दुपट्टा काढून तिच्यावर सावली धरली. नाला आला की उतरून स्वतःच्या पितळी लोट्यानं तिच्या तोंडात पाणी सोडलं. डुकराला शिवायचं नाही म्हणून ज्याच्या आईनं त्याला लहानपणी दोनदा आंघोळ घातली होती, तो माणूस डुकराचं डोकं मांडीवर घेऊन माश्या हाकलत होता, आणि मनात म्हणत होता, देवा, बिमारी असू दे. शेजारी जयवंता डोळे मिटून बसली होती. तिला जहर निघायला हवं होतं. जहर म्हणजे कोणीतरी केलं, कोणाला तरी जाब विचारता येईल. बिमारीला काय विचारायचं?

ढोराच्या दवाखान्यात डॉक्टर मुळमुले होते. जबलपूरहून शिकून आलेले, तरुण, आणि बैलांच्या खांद्यांना मलम लावून लावून कंटाळलेले. त्यांनी कारीला बंडीतच पाहिलं, कानाचे चट्टे बोटानं दाबले, थर्मामीटर लावला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की रूपरावला वाटलं कोणी ओळखीचं भेटलं.

"एकशे सहा ताप. किती दिवस झाले?"

"आठ दिवस खाल्लं नाई तिनं," जयवंता म्हणाली.

"प्रेमदास, हिला टेबलाकडं घ्या."

प्रेमदास हा दवाखान्यातला मदतनीस. त्यानं नम्रपणे, पण जागचं न हलता सांगितलं, "साहेब, तपासणीत जे लागल ते करतो. पट्टी करतो, चाकू देतो, बाटल्या भरतो. उचलणं-ओढणं मात्र आमी नागपूरच्या दीक्षेपासून सोडलं. ज्याचं जनावर, त्यानं आणावं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि रूपरावला खूण केली. रूपराव म्हणणार होता की जनावर माझं नाही. पण त्या घडीला जगात त्या जनावराशिवाय त्याचं दुसरं काही नव्हतं. त्यानं कारीला दोन्ही हातांनी कवळून उचललं आणि टेबलावर नेलं. ती तिथंच थोड्या वेळानं मेली. जयवंतानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मग काय वाटलं कोण जाणे, परत आत आली. "पाह्यते मी," म्हणाली. "फाडा."

डॉक्टरांनी फाडलं. पोट उघडून वास घेतला, आतलं पाहिलं. मग मूत्रपिंड काढून प्रेमदासनं धरलेल्या ताटलीत ठेवलं. त्याच्यावर लाल ठिपकेच ठिपके होते, कुंकवाचा हात झटकल्यासारखे. पानथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, कडा काळवंडलेल्या. आतड्यात बटणांसारखे गोल फोड. प्रत्येक गोष्ट पाहून डॉक्टर "वा" म्हणत होते. जयवंता त्यांच्याकडं पाहत होती, आणि हा माणूस नेमका कशावर खूश आहे हे तिला कळत नव्हतं.

"बाई, हे विष नाही," ते म्हणाले. "बचनाग पोटात गेला तर जनावर दिवससुद्धा काढत नाही, आठ दिवस ताप कुठला? हा डुकरांचा हैजा, म्हणजे पटकी. म्हणतात हैजा, पण माणसाच्या हैजाशी याचं काही नातं नाही. माणसाला होतही नाही. आपल्याकडं नवा आहे, मी पुस्तकातच पाहिला होता."

"जंतू दिसते का त्याचा?" रूपरावनं विचारलं. त्याला नीट खात्री करून घ्यायची होती.

"तीच तर गंमत. यंत्राखालीसुद्धा दिसत नाही. चाळणीतून गहू जात नाही, मैदा जातो ना? हा मैद्याहून बारीक. मी हे तुकडे बर्फात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिथं वाटतील, इतक्या बारीक गाळणीतून गाळतील की कोणताही जंतू मागं राहावा, आणि ते पाणी चांगल्या डुकराला टोचतील. ते आजारी पडलं की पक्कं. पण मी आजच लिहून देतो. तुमच्यावरचा आळ गेला."

रूपरावचा जीव भांड्यात पडला. आपण सुटलो या आनंदानं त्याला रडू यायच्या बेतात होतं.

"आता एवढं सांगा," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "हा रोग चालून येत नाही, कोणीतरी आणावा लागतो. इथल्या मागल्या वस्तीत पोळ्यानंतर डुकरं मेली. मी पोचलो तोवर लोकांनी सगळं पुरून टाकलं होतं. तिथून कोणी तुमच्या गावात डुक्कर नेलं? मटण? खरकटं? अहो, घाण लागलेलं पोतंसुद्धा पुरतं."

"नाई जी," जयवंता म्हणाली. "आमच्या गावात कोण कायले आणन?"

डॉक्टरांनी रूपरावकडं पाहिलं. रूपरावनं खाली ताटलीकडं पाहिलं. त्या लाल ठिपक्यांकडं पाहत तो उभा राहिला. डॉक्टरांना वाटलं, माणूस साधा आहे, घाबरला आहे. त्यांनी दाखला लिहून त्याच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर बंडी हलकी झाली होती. जयवंतानं मोठा श्वास सोडला. "चुकलं माहं. तुमच्यावर आळ घेतला म्या. देवाची करणी, त्याले कोण काय करन?" मग म्हणाली, "पिल्लं चार दिवसांपासून उपाशी आहेत. कोंडून ठेवली व्हती भ्यावानं. उद्या सोडते मोकळी. तुमच्या धुऱ्यावर जातीन, मायीसंग तिथंच जात व्हती. तेवढं हाकलू नका त्यायले, रूपरावजी."

रूपरावनं बैल थांबवले. खिशात दाखला होता. त्याच्यावर सरकारी शिक्का होता आणि त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. तो नुसता गप्प बसला असता तर साऱ्या जन्मात कोणाला काही कळलं नसतं. पण पिल्लं मेली असती.

"नको सोडू," तो म्हणाला. "धुऱ्यावर हिंगणघाटची घाण आहे. पोळा झाल्यावर मी आणली, त्याच वस्तीतून. पोत्यात भरून." तो मागं वळला. "म्याच मारली तुही डुकरं, जयवंता. बचनाग नाई घातला, पण म्याच मारली."

जयवंताला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती रागावेल, शिव्या देईल, बंडीतून उडी मारून चौकीवर जाईल, सगळ्याची तयारी रूपरावनं मनात केली होती. ती नुसती त्याच्याकडं पाहत राहिली, डोळे बारीक करून.

"हिंगणघाटाहून," ती म्हणाली. "बंडी जुंपून."

"हो."

"काऊन? माह्या दारात ढीग पडला व्हता. सारं गाव नेत व्हतं. मांगितली असती तं मी काय नाई म्हटलं असतं?"

विहिरीवरचं ते एक वाक्य सांगायला रूपरावनं तोंड उघडलं, आणि एवढ्याशा गोष्टीपायी या बाईचा सारा कळप गेला, हे स्वतःच्याच कानांनी ऐकायची त्याला लाज वाटली. तो रडला. बैल उभेच होते. जयवंताही रडली, पण ती कारीसाठी.

गावात शिरले तेव्हा दिवस कलला होता. पारावर सारी मंडळी वाट पाहत होती. बंडूजी पुढं आला. "काय म्हणे डॉक्टर, रूपरावजी?"

रूपराव बंडीवर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा सारं गाव त्याच्या तोंडाकडं पाहत होतं आणि एकालाही तंबाखूची आठवण झाली नव्हती.

"बिमारी व्हती," तो मोठ्यानं म्हणाला. "बचनाग नाई. बिमारी व्हती, अन् ते म्या आणली. हिंगणघाटाहून."

मग बंडूजीनं मांडीवर थाप मारली. "आयकलं का बे? बचनाग तं कोणी बी घालन. यानं बिमारी आणली. डॉक्टरनं लिहून बी देलं, जमादार काय करन आता?" आणि सारा पार हसण्यात बुडाला. कोणी म्हणालं, पुढच्या पंचायतीत रूपरावजीच. रूपराव हात हलवून सांगत होता, अरे खरं सांगतो, माह्या चुकीनं झालं, त्या बाईचं पोट गेलं माह्यापायी. त्याला जेवढं जास्त सांगावं वाटत होतं, तेवढं ते जास्त हसत होते.

जयवंता एकटी हसत नव्हती. ती बंडीतून उतरली, लुगडं झटकलं आणि चार पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाली, "फावडं घेऊन चाला. उजेड आहे तवरोक धुरा खोदून काढू. पिल्लं उद्या बाहेर काढाची आहेत."

रूपराव लोकांच्या मधून वाट काढत घरात गेला, फावडं घेऊन आला आणि तिच्या मागोमाग धुऱ्याकडं चालू लागला.